लपवलेली गोष्ट

आमची मुलगी टेस्ट ट्यूब पद्धतीने झाली, ही गोष्ट आमच्या घरात बारा वर्षं कुणी उच्चारली नाही.

आम्ही घाटकोपरला, असल्फ्यात राहतो. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. २०१२ साली, मेट्रो सुरू होण्याआधी, बसचे धक्के खात आम्ही दोघं उपचारांसाठी अंधेरीला जायचो. इंजेक्शनं फ्रिजमध्ये भाजीखाली लपवायचो. अम्मींना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे जायज आहे ना?" पती-पत्नीपुरता हा उपचार अल-अझहरने १९८० सालीच मान्य केलाय, असं आम्ही सांगितलं. त्या निवळल्या, पण म्हणाल्या, "मोहल्ले में किसी को बोलना नको. कल बच्ची हुई तो शादी करनी है."

२०१३ साली मुलगी झाली. आठव्या महिन्यात, पावणेदोन किलोची. पुढे कुणाही डॉक्टरांनी विचारलं की आम्ही ठरलेलं उत्तर द्यायचो, "सगळं नॉर्मल."

गेल्या वर्षी सहलीआधीच्या तपासणीत तिचा रक्तदाब जास्त निघाला. बालरोगतज्ज्ञांनी जन्माची हकिकत विचारली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि बोलून टाकलं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "घाबरू नका, पण हे आधी सांगायला हवं होतं." २०२४ साली स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या ७७ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा उपचारांतून झालेल्या मुलांत हृदयाचा मोठा जन्मदोष १.८४ टक्के, इतरांत १.१५ टक्के, जुळ्यांत प्रमाण अधिक. रक्तदाबाबाबत २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या लहानशा गटात वाढ दिसली, पण २०२३ साली अनेक देशांतल्या ३५ हजार मुलांच्या पाहणीत तसा फरक आढळला नाही. दोष उपचाराचा की मूल न होण्यामागच्या कारणांचा, हेही नक्की नाही. "पण लवकर आणि कमी वजनाचं जन्मलेलं मूल असेल, तर रक्तदाब लहानपणापासूनच मोजावा लागतो," असं ते म्हणाले.

आमचं मौन तिथे आडवं आलं होतं. लोकांच्या नजरेपासून जपता जपता आम्ही तिला डॉक्टरांच्या नजरेपासूनही लपवलं होतं.

इको चांगला आला. पापड, लोणचं, वेफर्स कमी झाले. दर तीन महिन्यांनी रक्तदाब मोजतो. आता तो उतरलाय.

त्या रात्री मुलीला सगळं सांगितलं. १९८६ साली केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांनी जन्मलेल्या हर्षा चावडाचीही गोष्ट सांगितली. ती २०१६ साली स्वतः आई झाली. मुलीने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "यात लपवण्यासारखं काय होतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. अम्मी उठल्या, कपाटातून उपचारांची जुनी फाईल काढली आणि तिच्या हातात दिली. इतकी वर्षं ती त्यांनीच जपून ठेवली होती.