शके १२९८

परवा कपाट आवरताना आत्याची जुनी पत्रं सापडली. लग्नानंतर तिने धर्म बदलला, तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले होते, "गेली ती. आता तिचं-आपलं काही उरलं नाही." पत्रं मात्र येत राहिली. आजोबांनी एकही उघडलं नाही. मी उघडली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिच्या टपोऱ्या अक्षरात तिथी, आणि पुढे 'शके'!

एकदम त्रोलोयो आठवलं. दोन वर्षांपूर्वी पूर्व जावात गेले होते. मजापहित या हिंदू-बौद्ध साम्राज्याची राजधानी जिथे होती, त्या त्रोवुलानमधलं हे जुनं मुसलमानी कबरस्तान. तिथल्या काही दगडांवर अरबी अक्षरांत कुराणातली वचनं आहेत, पण वर्ष जुन्या जावानी अंकांत. सोबतच्या माणसाने एक वाचून दाखवलं, १२९८. मी विचारलं, "हिजरी?" तर म्हणाला, "नाही, शक."

अहो, आपलाच शक की! ७८ मिळवले, झालं इसवी सन १३७६. तेव्हा गादीवर हयम वुरुक, आणि मजापहित अगदी भरात. राजधानीला खेटून असलेली जागा, काही दगडांवरची देखणी नक्षी... त्यामुळे अभ्यासकांना वाटतं की ही माणसं बाहेरून आलेले व्यापारी नव्हेत. जावातल्याच बड्या घरांतली, कदाचित राजघराण्यातलीही असावीत.

बंदरांतून, व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम तिकडे गेला असं आपण वाचतो. तेही खरंच. सुमात्रातल्या पासईचा सुलतान मलिक अल-सालिह याच्या कबरीवर १२९७ शी जुळणारं हिजरी वर्ष आहे. पण इथे, हिंदू राजाच्या दारात, कुणीतरी नवा धर्म घेतला आणि वर्षं मात्र वाडवडिलांचीच मोजली.

बरं, हे चार दिवसांचं नव्हतं. १६३३ मध्ये मातारामच्या सुलतान अगुंगने इस्लामी चांद्र वर्ष स्वीकारलं, पण आकडा शके १५५५ वरूनच पुढे चालू ठेवला. ती जावानी कालगणना आजही वापरात आहे.

'काही उरलं नाही' म्हणणं किती सोपं असतं ना?

आत्याचं शेवटचं पत्र शके १९१० मधलं. सुरुवात नेहमीचीच, 'तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.' आता दोघंही नाहीत. पत्र मी मोठ्याने वाचलं, आजोबांच्या फोटोसमोर बसून.

असो.