मामांची जागल सुटली!

अंधारात दिसतं हो! पार मिट्ट काळोखात, गावची लाइट गेलेली असताना, अंगणातल्या हळदीच्या ढिगावरची ताडपत्री, ताडपत्रीवर ठेवलेले दगड, दगडाला पाठ लावून झोपलेला आमचा मोती, सगळं सगळं दिसतं! आणि दिसतं कुठं, तर तिकडं हिंगोलीत, स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मला, हातातल्या मोबाइलवर! मोतीनं कान हलवला तर तोही दिसतो. ज्या दिवशी हे पहिल्यांदा बघितलं त्या रात्री मी झोपलेच नाही. उगाच उठायचं, मोबाइल उघडायचा, ढीग बघायचा, पुन्हा आडवं व्हायचं.

आमचं गाव वसमत तालुक्यात. या भागात हळद म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावं लागतं. जानेवारी उजाडला की सेलमचा पाला कापायचा, कंद काढायचे, मग कुकरमध्ये वाफेवर शिजवायचे आणि दहा-पंधरा दिवस अंगणात वाळत घालायचे. सकाळी पसरायची, संध्याकाळी गोळा करून ढीग करायचा, वर ताडपत्री घालायची, कारण दव लागलं, पाणी लागलं की माल गेला. कडकडीत वाळली की ढोलात घालून पॉलिश आणि मग मोंढा. म्हणजे नऊ महिने जमिनीत घातलेला सगळा पैसा त्या पंधरा दिवसांत उघड्या आभाळाखाली अंगणात पडलेला असतो. 2023 च्या पावसाळ्यात भाव एकदम चढले, त्यानंतर तर गावात जो तो हळदीला सोन्यासारखं जपायला लागला. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. अभिमान वाटला, आणि राखण वाढली!

राखण म्हणजे जागल. आणि आमच्या घरची जागल म्हणजे मामा. माझे सासरे. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे, हंगाम आला की मामांची बाज अंगणात, उशाशी काठी आणि बॅटरी. कुत्रं भुंकलं की उठायचं, ढिगाला एक फेरी मारायची, पुन्हा टेकायचं. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. धाकटे दीर म्हणायचे, मी झोपतो बाहेर, मामांचं उत्तर ठरलेलं, "तू दिवसभर मर मर करायलास, रात्री काय जागशील?" माझ्या मनाला ते फार लागायचं. म्हणून खरं तर मी कॅमेऱ्याच्या मागे लागले. चोराची भीती होतीच, पण मला मामांना आत, पंख्याखाली, गादीवर झोपलेलं बघायचं होतं.

मला वाटायचं, कॅमेरे म्हणजे बँकेचं, सराफाचं काम. ते डीव्हीआरचं खोकं, भिंतीभर वायरी, बसवणारा माणूस, पंधरा-वीस हजारांचा खर्च. आणि 2024 मध्ये बघावं तर वायफायवर चालणारे, स्वतःच मान वळवणारे, बोलणारे-ऐकणारे कॅमेरे दोन हजारांच्या आसपास! सीपी प्लस, टापो, क्यूबो, शाओमी, नुसती रांग. हळद क्विंटलला बारा हजारांनी गेली असं धरलं तर सतरा किलो हळदीत एक कॅमेरा! पाहुण्यारावळ्यांना वाटण्यातच तेवढी जाते आमची. 2024 च्या फेब्रुवारीत दोन मागवले: एक ओसरीच्या वळचणीला लावायचा, गोल फिरणारा, आणि एक पावसापाण्यातही टिकणारा, निंबाशेजारच्या खांबावर. गावात केबल नाही, म्हणून सिमकार्ड घालून चालणारा राउटर घेतला. बसवायला कुणी बोलावलं नाही. दिरांनी ड्रिलनं दोन भोकं पाडली, स्क्रू आवळले, मोबाइलवरचा क्यूआर कोड कॅमेऱ्यापुढे धरला, त्यानं आपणहून एक गिरकी घेतली आणि आमचं अंगण मोबाइलमध्ये आलं. घटकाभराचं काम!

आणि मग संध्याकाळ झाली. उजेड कमी होत गेला आणि ओसरीवरून आवाज आला, टक्. एवढासाच. दिवसा या कॅमेऱ्याच्या भिंगामागे इन्फ्रारेड किरण अडवणारी एक बारीक काच असते. अंधार पडला की ती काच बाजूला सरकते, तोच हा टक्. त्याच क्षणी भिंगाभोवतीचे बारके दिवे लागतात. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यांचा उजेड 850 नॅनोमीटरचा असतो, आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही, निरखून बघितलं तर मंद तांबूस ठिपके. कॅमेऱ्याला मात्र त्यात लख्ख दिसतं. फक्त रंग जातात. आणि इथं मला जे दिसलं ते मी सगळ्यांना धरधरून दाखवलं: ढिगाच्या एका कोपऱ्याची ताडपत्री सरकली होती, आणि आतली हळद पांढरी दिसत होती! शिजवलेली, अजून पॉलिश न झालेली मातकट पिवळी हळद, पण चुन्यात घोळल्यागत पांढरी. कारण त्या उजेडात पिवळं असं काही नसतंच. सकाळी पुन्हा टक् होतं आणि बघता बघता त्या पांढऱ्यात रंग उतरतो. मी कितीतरी सकाळी चहा गॅसवर तसाच ठेवून हे बघितलं आहे.

पण खरा कळस झाला 21 मार्चला. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्हा हलला. भूकंप, 4.5 रिश्टरचा, अकरा मिनिटांनी आणखी एक, 3.6 चा. नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंद्याला जमिनीतून आवाज येतात हे आम्हाला वर्षानुवर्षं ठाऊक, पण इतकं जोरात कधी नव्हतं झालं. हिंगोलीत आम्ही जिन्यावरून खाली पळालो आणि पहिला जीव गावाकडं गेला. दगड-मातीचं जुनं घर, आत दोन म्हातारी माणसं. फोन लावते तर लागेना. मग एकदम आठवलं, कॅमेरा! उघडला. आणि अंगणाच्या मधोमध, ढिगाशेजारी, मामा आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, दोघं उभे! आत्याबाईंच्या हातात खराटा तसाच. त्या क्षणाला मला काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. रस्त्यावर उभी राहून मी रडले.

नंतर रेकॉर्डिंग मागे नेऊन बघितलं. आधी मोती उठून उभा राहतो, कान टवकारतो. मग ओसरीच्या पत्र्याला बांधलेलं, दसऱ्यापासूनचं वाळकं तोरण थरथरतं. हौदातल्या पाण्यावर बारीक रेघा उठतात. आणि ढिगाच्या उघड्या कोपऱ्यावरची हळकुंडं एक एक करत खाली घरंगळतात. चार-पाच सेकंदांचं सगळं. मग आत्याबाई वळतात आणि मामांच्या दंडाला धरून त्यांना ओसरीतून बाहेर ओढतात! मामा ज्याला त्याला सांगत होते, "मीच हिला बाहेर काढलं." आता ते बंद झालं आहे. जुलैच्या 10 तारखेला पुन्हा 4.5 चाच धक्का बसला, तेव्हा मी फोन लावत बसले नाही, थेट कॅमेराच उघडला.

बोलताही येतं हे मला माहीत होतं, पण त्याचा उपयोग कळला तो एका मध्यरात्री. मोबाइल वाजला, हालचाल झाली म्हणून. बघते तर वारं सुटलेलं, ताडपत्रीचं एक टोक फडफडतंय, दगड खाली पडलाय. मार्चमधलं आभाळ, कधी भुरभुर सुरू होईल नेम नाही. मी माइकचं बटण दाबून ओरडले, "मामा! उठा, ताडपत्री उडायली बघा!" बॅटरी लागली. मामा बाजेवरून उठले, चारी दिशांना बघायला लागले. "कोन? सूनबाई का? कुठून बोलायलीस गं?" मी म्हटलं, "हिंगोलीहून बोलायले, आधी दगड ठेवा!" त्यांनी ताडपत्री ओढली, चारी बाजूंनी दगड लावले, मग कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ठेवले. झोप आता तू." थोड्या वेळानं टपोरे थेंब पडले. ढीग कोरडा!

त्यानंतरच मामांनी बाज आत घेतली. कोणी सांगितलं नाही, आपणहून.

या यंत्रानं मला इतकं झपाटलं की हे मुळात कोणाच्या डोक्यातून निघालं ते शोधत गेले, आणि सापडलं तेव्हा अंगावर काटा आला. एक परिचारिका! न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. नवरा, अल्बर्ट, इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारा, दोघांच्याही कामाच्या वेळा अवेळी, रात्री घरी एकटं असताना दार वाजलं की धास्ती. 1966 मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, डिसेंबर 1969 मध्ये ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार झरोके, त्यांतून वर-खाली सरकत बघणारा कॅमेरा, झोपायच्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक, बटण दाबून दार उघडायची सोय, धोका वाटला तर गजर. म्हणजे आमच्या ओसरीवर जे चाललंय त्याचा मुख्य गाभा एका बाईनं, घरात एकटं असण्याच्या भीतीतून, तेव्हाच आखून ठेवला होता! शाळेत मुलांना शोधकांची नावं घोकायला लावतो आपण, त्यात हे नाव का नाही?

आणि आपल्या हिंगोलीला तर पहाऱ्याचा इतिहासच आहे. रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा, ही मोहल्ल्यांची नावं हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या छावणीची. मेडोज टेलरनं 1839 च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत इथल्याच हरीसिंगची हकीकत दिली आहे: हिंगोलीच्या बाजारातला प्रतिष्ठित व्यापारी, साहेबलोकांशी देवघेव, आणि खरा धंदा ठगाचा. मुंबईहून कापड घेऊन येणाऱ्या एका व्यापाऱ्याला वाटेत मारलं आणि त्याचाच माल छावणीत आणून विकला. खुद्द छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जवळच पुरली. रात्रभर बंदूकधारी जागे, आणि कोणाला पत्ता नाही! पहारेकरी फक्त बघतो, आणि समोरचं तेवढंच. माझा दोन हजारांचा कॅमेरा बघितलेलं ठेवूनही देतो. 64 जीबीच्या कार्डावर चोवीस तास रेकॉर्डिंग चार-पाच दिवस राहतं, मग जुनं पुसून त्यावर नवं. म्हणून काही घडलं तर लगेच कॉपी काढून घ्यायची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात असं चित्रण पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, हेही मी माहीत करून घेतलं.

त्रास नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात मोबाइल रात्रभर वाजायचा. कॅमेरा आधीचं चित्र आणि आताचं चित्र ताडून बघतो, फरक दिसला की कळवतो. मग भिंगापुढून पाखरू गेलं तरी हाक! त्यात कोळ्यांना ती जागा फार आवडते. आता माणसाची आकृती ओळखली तरच वाजव अशी सोय चालू केली, ढिगापुरताच चौकोन आखून दिला, आणि दीर रोज खराट्यानं जाळी काढतात. लाइटचं तर विचारूच नका. राउटर आणि कॅमेरे घरच्या इन्व्हर्टरवर घेतले तेव्हा कुठं जिवाला शांतता. आणि कळकळीनं सांगते, पासवर्ड बदला! कंपनीनं दिलेला पहिला पासवर्ड तसाच ठेवलेले असंख्य कॅमेरे 'मिराई' नावाच्या व्हायरसनं ताब्यात घेतले आणि 21 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. तुमच्या अंगणातला डोळा दुसऱ्याच्या हातात जायला नको.

आत्याबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी एक विचारलं, आणि ते विचारणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. "मी सकाळी ओसरीत केस विंचरीत बसते. तवा बी मला बघणार का गं तुम्ही?" मी गप्प झाले. मग आम्ही दोघी मोबाइल घेऊन बसलो. ओसरीची ती बाजू आणि न्हाणीकडची वाट चित्रात काळी करून टाकली, ती सोयही असते. शेजाऱ्यांचं दार चित्रात येत होतं, कॅमेरा वळवला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, पण 2023 चा माहिती संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू होत नाही. म्हणजे आपल्या अंगणात काय बघायचं न् काय नाही, हे घरातल्या बाईला विचारूनच ठरवायचं. प्रत्येक घरात ठरवावं असं मला मनापासून वाटतं.

आणि आता आत्याबाईच त्यात सगळ्यात तरबेज! नणंदेकडून त्यांनी आपल्या मोबाइलवर अॅप घालून घेतलं. वासराला गाय चाटतेय का ते त्या देवघरात बसून बघतात, दूधवाला आला की माइकवरून सांगतात, "थांब रे, आलेच!" शेजारच्या दोन घरांनी आमचं बघून कॅमेरे मागवले, आणि बसवून द्यायला दीर गेले तेव्हा सोबत आत्याबाई, "न्हाणीकडं तोंड नको" हे सांगायला.

येत्या हंगामात आम्हाला विहिरीवर एक लावायचाय. तिकडं ना वायफाय ना लाइट, म्हणून सोलर पॅनेलवर आणि सिमकार्डवर चालणारा. गेल्या वर्षी शिवारात मोटारीच्या केबली कापून नेल्या होत्या, तेव्हापासून मामांचा जीव तिथं अडकलाय. परवा गेले तर त्यांनी लोखंडी खांब आधीच रोवून ठेवलेला, आणि मला विचारत होते, "किती उंचीवर बसवायचा, सूनबाई? म्हणजे मोटार पण दिसंल आणि इहीर पण."