एका बिंदूची साक्ष

गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिकचा माणूस पाणी किती फूट चढलें हें विचारीत नाहीं. दुतोंड्या मारुतीला पाणी कोठवर लागलें, एवढेंच विचारतो. गोदाघाटावरील ती एक मूर्ति पाहिली कीं पाणी कोठवर शिरणार याचा अदमास साऱ्या गांवास येतो. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांतही लोकांच्या नजरा तिच्याकडेच होत्या.

बीजगणितांतील रेषीय असमानता शिकवितांना हा मारुती माझ्या फार उपयोगीं पडे. समजा, २क्ष + ३य हें १२ हून अधिक नसावें. ज्यांची बेरीज बरोबर १२ येते अशा बिंदूंची एक सरळ रेषा होते व ती फळ्याचे दोन भाग करते. त्यांतला आपला भाग कोणता? एका बाजूचा कोणताही एक बिंदु घालून पाहावा. (०, ०) घातला तर ० येतें. तें १२ हून अधिक नाहीं, तेव्हां शून्याकडील सारी बाजू आपली. (४, २) घातला तर १४. ती बाजू परकी. (३, २) घातला तर बरोबर १२. हा कुंपणावरचा, पण 'अधिक नसावें' म्हटल्यामुळें आपलाच. "शून्य घाला आणि मोकळे व्हा," असें मी वर्गास सांगत असें.

एके दिवशीं शेवटच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "सर, रेषा शून्यांतूनच जात असेल तर?" आदल्या आठवड्यांत त्यानें कांहीं खोडी केली होती. ही दुसरी खोडी, असें समजून मीं त्याला खालीं बसविलें. रात्रीं वही उघडून 'य हा २क्ष हून कमी नसावा' ही असमानता मांडली, तेव्हां शून्य मुकें झालें. कारण तेंच रेषेवर बसलेलें! (१, ०) घेतला तेव्हां कोठें उमगलें, कीं ती बाजू आपली नव्हे.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गाला ही रीत सांगितली. प्रश्न कोणाचा होता, तें मात्र सांगितलें नाहीं. त्या मुलानें वर्षभर पुन्हां हात वर केला नाहीं.

सीमा सरळ असते म्हणूनच एका बिंदूची साक्ष साऱ्या बाजूस लागू पडते. माणसाची सीमा अशी सरळ कोठें असते? मीं मात्र एका खोडीवरून त्याचा सारा भाग परका ठरविला होता. पावसाळ्यांत घाटावर उभा राहून मारुतीकडे पाहतांना अजूनही तो मुलगा आठवतो. मनांतल्या मनांत त्याची क्षमा कितीदां तरी मागितली. ती वर्गापुढें मागावयास हवी होती.