पार्क मैदानावर, नव्या हंगामाची वाट पाहताना

सोलापूर म्हटले की कुणाला चादर आठवते, कुणाला शेंगाची चटणी. आम्हा उभयतांना आठवते ते पार्क मैदान. परवा बुधवार पेठेत आक्काकडे मुक्कामाला गेलो. चहा झाला तसे दाजी म्हणाले, "चला पाव्हणं, मैदान बघून येऊ. रणजीचा हंगाम तोंडावर आलाय." भाचीही चपला घालून तयार.

पार्क चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले आणि मैदानाकडे वळलो. सरकारी नाव इंदिरा गांधी स्टेडियम, पण रिक्षावाल्याला पार्क मैदानच सांगावे लागते. पावसाने गवत हिरवेगार झाले होते. पॉली उम्रीगर याच गावात १९२६ साली जन्मले. कसोटीत भारतातर्फे पहिले द्विशतक त्यांचेच, १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा.

दाजी पूर्वी गिरणीत होते. भोंगा बंद झाला, आता टॉवेलच्या मागावर आहेत. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राचा संघ मणिपूरशी खेळायला इथे आला, तेव्हा त्यांनी एक दिवस खाडा केला. महाराष्ट्राने तो सामना डावाने जिंकला. पुढे याच मैदानावर सौराष्ट्राने आपल्याला हरवले. "मजुरी बुडाली, पण रणजी घरात आली," असे दाजी आजही सांगतात. यंदा सोलापूरला सामना मिळेल का, हीच त्यांची खरी काळजी.

संघाचे म्हणाल, तर आम्ही आशावादी आहोत, आंधळे नाही. महाराष्ट्राने रणजी करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा जिंकला. त्यानंतर तो आलेला नाही. २०१३-१४ साली मुंबईला वानखेडेवर हरवून संघ पुढे गेला, केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा काढल्या, तरी अंतिम सामन्यात कर्नाटकाने मात दिली. फलंदाजांची आपल्याकडे वाण नाही. पण सामना जिंकायला २० बळी घ्यावे लागतात. सरळ विजयाला ६ गुण, आणि अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला ३. तिनावर समाधान मानणारा संघ करंडकापर्यंत पोहोचत नाही. गोलंदाजांनी चौथ्या दिवशीही दम धरला, तर यंदा बाद फेरी अवघड नाही, असा आमचा अंदाज.

भाची मध्येच म्हणाली, "मामा, पोरींच्या संघाचं कुणीच काही बोलत नाही!" आम्ही ओशाळलो. मग तीच सांगू लागली. किरण नवगिरे आपल्याच सोलापूर जिल्ह्याची. आधी भाला आणि गोळा फेकायची. २०२२ साली नागालँडकडून खेळताना एका टी-ट्वेंटी सामन्यात तिने १६२ धावा ठोकल्या आणि त्याच वर्षी ती भारताकडून इंग्लंडमध्ये खेळली. पुढे महाराष्ट्राकडून ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने अवघ्या ३४ चेंडूंत शतक केले.

भाचीच्या शाळेत मुलींचा संघ नाही. गल्लीत पोरे तिला फक्त चेंडू आणायला पाठवतात. आक्का विड्या वळते. बॅटसाठी तिने भिशीतले पैसे बाजूला काढलेत, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

परतताना आम्ही भाचीला पळवणकर बाळूंची गोष्ट सांगितली. चांभार समाजातला हा गोलंदाज. पुण्यात मैदानावर त्याचा चेंडू चाले, पण चहा मिळे बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला दिले गेले नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आधी मैदानात उतरलं पाहिजे."

वाचकहो, रणजीच्या सामन्याला बहुधा तिकीट नसते. आपल्या गावी सामना आला, तर डबा बांधून जरूर जा. मुलांना न्या, आणि मुलींना आधी न्या. दाजींनी आतापासूनच एका दिवसाच्या खाड्याची तयारी ठेवली आहे. यंदा आम्हीही त्यांच्याबरोबर बसणार.