डावा तीन, आवळतं

पहिल्या संध्याकाळी मी हारवुड फॉरेस्टमध्ये अकरा वेळा गाडी झाडावर घातली. आकडा पक्का आहे, कारण बायको मागे मेथी निवडत बसली होती आणि तीच मोजत होती. बाराव्यांदा घालण्याआधी मी कॉम्प्युटर बंद केला. जुडी संपली होती. माझा मात्र एकही किलोमीटर धड झाला नव्हता.

खेळाचं नाव ‘रिचर्ड बर्न्स रॅली’. तो बाजारात आला २००४ साली आणि मी त्याच्यासमोर बसलो २०१९ साली. तोवर त्याला पंधरा वर्षं झाली होती. बनवणारी वॉर्टहॉग ही कंपनी कधीच संपली होती, दुसरा भाग कधी निघाला नव्हता. ऑफिसमधल्या एकाने लग्न ठरल्यावर स्वतःचं जुनं स्टिअरिंग आणि पेडल विकायला काढली, ती मी घेतली. देताना तो म्हणाला, “एकच गेम खेळ. पण चिडू नकोस.” दुसरी अट मला पाळता आली नाही.

गाडीचे खेळ मला नवीन नव्हते. कॉलेजच्या होस्टेलवर आम्ही रात्र-रात्र ‘नीड फॉर स्पीड’ खेळलो होतो. तिथे वळण आलं की वेग कमी करायचा नाही, सरळ कठड्याला घासत जायचं. कठडाच गाडी वळवून देतो. बर्न्सच्या खेळात कठडा नाही. झाडं आहेत, चर आहेत, लाकडाचे ओंडके आहेत, आणि ज्याला धडकाल ते जागचं हलत नाही. रेडिएटर फुटला की इंजिन तापत जातं, चाक वाकलं की गाडी उरलेला रस्ता एका बाजूला ओढत राहते. चरात उलटलात तर मदत मागता येते, पण तिचा दंड घड्याळात लागतो.

त्यात रॅली म्हणजे शर्यत असूनही शेजारी कुणी पळत नाही. बंद केलेल्या रस्त्यावर तुमची एकच गाडी आणि वर घड्याळ. पुढचं वळण दिसत नाही, ते ऐकायचं असतं. शेजारच्या सीटवर बसलेला सहचालक वहीतून वाचत असतो: डावं की उजवं, किती तीव्र, पुढे चढ आहे का, आत दगड आहे का. या खेळात तो आवाज आहे रॉबर्ट रीडचा. रीड हा खऱ्या आयुष्यातही बर्न्सचाच सहचालक. त्याच्या बोलण्यात ‘के लेफ्ट’ असं काहीतरी यायचं. हे ‘के’ काय प्रकरण आहे, हे मला पहिले चार दिवस कळलंच नाही. वळणाचीच ती एक जात, काटकोनापेक्षा थोडी मवाळ. कळेपर्यंत प्रत्येक ‘के’ला एक झाड असा हिशोब चालू होता.

खेळावरचं नाव ज्याचं, तो माणूस हळूहळू आवडायला लागला. बर्न्स इंग्लंडमधल्या रेडिंगचा, जन्म १९७१चा. २००१ साली सुबारू चालवत तो जगज्जेता झाला. त्या मोसमात चौदा रॅली होत्या आणि त्यातली त्याने जिंकली फक्त एक, न्यूझीलंडची. शेवटच्या वेल्सच्या रॅलीत त्याचा प्रतिस्पर्धी कॉलिन मॅक्रे गाडी उडवून बाहेर पडला, बर्न्स तिसरा आला आणि ४४ विरुद्ध ४२ गुणांनी विजेतेपद त्याच्याकडे गेलं. मॅक्रेने त्या वर्षी तीन रॅली जिंकल्या होत्या. हे वाचल्यावर मला खेळाचा स्वभाव उलगडला. दोन वर्षांनी, २००३च्या नोव्हेंबरमध्ये, वेल्सच्याच रॅलीला जाताना बर्न्सची शुद्ध हरपली. मेंदूत गाठ निघाली. हा खेळ आला तेव्हा तो उपचार घेत होता. २५ नोव्हेंबर २००५ रोजी तो गेला. विजेतेपदाला त्याच दिवशी चार वर्षं झाली होती आणि तो चौतीस वर्षांचा होता.

तरीही माझी गाडी झाडावरच जात होती. ती खाली उतरली, ती मामांमुळे.

मामा कराडजवळचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला, त्यातला बराचसा कराड ते चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाटातून. साखरेची पोती घेऊन उतरायचं आणि मिळेल तो माल घेऊन चढायचं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे चिंचवडला आले होते. एका दुपारी दिवाणावर बसून त्यांनी अर्धा तास माझे धडकण्याचे प्रयोग पाहिले. मग विचारलं, “हा बोलतोय त्यो कोण? किन्नर व्हय?”

किन्नर म्हणजे ट्रकवरचा क्लीनर. म्हटलं, “हो मामा, किन्नरच समजा. पुढचं वळण सांगतो.”

“त्यो बरुबर सांगतोय. तूच ऐकंना झालायस. बिरेक वळणात दाबतुयास तू. वळणाच्या आधी दाबायचा, सरळ हाय तवर. वळणात गेल्यावर बिरेक म्हंजी माल सरकणार.”

माल सरकणार! इंग्रजीतले व्हिडिओ पाहून मला जे पंधरा दिवसांत कळलं नव्हतं ते दोन शब्दांत होतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं. पुढची चाकं जमिनीला घट्ट धरतात आणि मागची हलकी होतात. ॲक्सिलेटर दिला की उलटं. खडीच्या रस्त्यावर गाडी वळते ती निम्मी स्टिअरिंगने आणि निम्मी या वजनाच्या येण्याजाण्याने. वळणाच्या थोडं आधी पाय उचलला की नाक आत येतं, शेपूट बाहेर पडू बघते, आणि ती किती बाहेर पडू द्यायची हे डाव्या पायाने हलकेच ब्रेक दाबून ठरवायचं, उजवा पाय ॲक्सिलेटरवरच ठेवून. ट्रकवाल्याला हे वेगळ्या कारणाने माहीत असतं. त्याला शेपूट बाहेर काढायची नसते, हौद्यातली दहा टन साखर जागेवर ठेवायची असते. पण वजन दोघांचंही त्याच नियमाने सरकतं.

मग मामा स्वतः बसले. पॅडलचे गिअर त्यांना पोरखेळ वाटले, म्हणून ऑटोमॅटिक लावून दिलं. पस्तीस-चाळीसच्या वर काटा जाऊ न देता, आरामात, साडेदहा मिनिटांत त्यांनी हारवुड फॉरेस्ट पूर्ण केला. एक ओरखडा नाही. तोवर मी तो रस्ता शेवटपर्यंत पाहिलाही नव्हता. मध्ये एका उतारावर मागची बाजू सुटली तेव्हा त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. दोन्ही पाय उचलले, स्टिअरिंग घसरणीच्या बाजूला दिलं, गाडी सरळ झाली. उठताना म्हणाले, “ही गाडी हाय. आदीचा तुझा त्यो खेळ गाडी न्हवता.”

एखाद्या खेळाचं याहून खरं परीक्षण मी वाचलेलं नाही.

दिसायला हा खेळ आज गरीब आहे. लांबची झाडं पुठ्ठ्याची वाटतात, प्रेक्षक तर बघवत नाहीत. नंतरचे रॅलीचे खेळ देखणे आहेत, काही चांगलेही आहेत, ‘डर्ट रॅली’ मी मन लावून खेळलो. तरी महिन्याभरात परत इकडेच आलो. कारण वीस वर्षांपूर्वी या लोकांनी पैसा आणि डोकं चाकाखालच्या जमिनीवर खर्च केलं. खडीवरून ओल्या डांबरावर येताना स्टिअरिंग हातात वेगळं लागतं आणि बर्फावर ते जवळजवळ मुकं होतं.

पण तेवढ्यावर कुठलाही खेळ वीस वर्षं टिकत नाही. मूळ खेळात गाड्या आठच. रस्ते छत्तीसच्या आसपास: ब्रिटनचा चिखल, फिनलंडचा बर्फ, ऑस्ट्रेलियाची लाल खडी, फ्रान्सचा डांबरी घाट. बाकी सगळं लोकांनी आणलं. कंपनी बुडाल्यावर चेक, हंगेरियन, पोलिश, इटालियन, फ्रेंच मंडळींनी खेळाचं बॉनेट उघडलं आणि ते आजतागायत मिटलेलं नाही. कुणी आपल्या गावाजवळच्या रॅलीचा रस्ता झाडांसकट उभा केला. वॉर्सामधला कारोवा रस्ता आला. अमेरिकेतला पाइक्स पीक आला, १५६ वळणांचा. लान्सिया, ऑडी क्वाट्रो, स्कोडा फाबिया अशा गाड्या आल्या. एनजीपी नावाच्या जोडणीने तर गाडी चालण्याचं गणितच नव्याने बसवलं. पूर्वी हे सगळं एकेक गोळा करून बसवताना खेळ हमखास मोडायचा. एकदा मी एक फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये टाकली आणि सुबारू जमिनीच्या चार फूट वर तरंगायला लागली. आठवडा गेला निस्तरण्यात. आता हंगेरीतल्या रॅलीसिमफॅन्स या गटाने सारं एकत्र बांधून ठेवलंय आणि रस्ते शेकड्यांनी आहेत. यातल्या बहुतेकांना एक पैसा मिळत नाही. गावची जत्रा जशी वर्गणीवर आणि रात्री जागणाऱ्या पोरांवर चालते तसं हे चालतं. रुसवेफुगवेही तसेच.

तिथल्या ऑनलाइन रॅलीत मी पहिल्यांदा उतरलो त्या रात्री हाताला घाम होता. प्रत्येकजण आपापल्या घरात, आपापल्या वेळी गाडी चालवतो आणि वेळा नोंदल्या जातात. एकदा सुटलात की पुन्हा पहिल्यापासून नाही. गाडी मोडली तर मोडकीच पुढच्या टप्प्यावर न्यायची. माझ्या वर्गात सत्तरएक जण होते, मी त्रेचाळिसावा आलो. मागचे बरेचसे माझ्यापेक्षा वेगवान होते, पण कुठल्या ना कुठल्या चरात बसले होते. बर्न्सची आठवण झाली, असं म्हणणं आगाऊपणाचं होईल. पण झाली.

मराठी सहचालकाचं खूळ त्यानंतर डोक्यात शिरलं. रीडचा आवाज काढून दुसरा घालता येतो. प्रत्येक शब्दाची वेगळी छोटी फाइल असते आणि त्या फायली जोडून खेळ वाक्य बोलतो. जगातल्या कितीतरी भाषांतले आवाज लोकांनी असे घातलेत. म्हटलं, मराठी का नको? आणि आवाज कुणाचा हा प्रश्नच नव्हता. दिवाळीत कराडला गेलो तेव्हा मोबाइल आणि वाकळ घेऊन मामांसमोर बसलो. वाकळ डोक्यावरून घेतली की खोलीचा घुमारा जातो.

पहिली अडचण भाषेची आली. आधी एक ते सहा आकडे घेतले, एक सगळ्यात तीव्र, सहा जवळजवळ सरळ. घरी येऊन लावून पाहिलं तर इंजिनच्या आवाजात ‘चार’ आणि ‘पाच’ एकच ऐकू येतात. चारच्या वळणावर पाचच्या वेगाने गेलो आणि ऑस्ट्रेलियातल्या एका निलगिरीला भेटलो. ‘डावीकडे’ म्हणेपर्यंत वळण मागे पडायचं. इंग्रजी ‘लेफ्ट’ एका श्वासात संपतो. मग ‘डावा’ आणि ‘उजवा’. ‘वळण अरुंद होत जातं’ असं मी लिहून नेलं होतं. मामांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, “हे म्हणंस्तवर मरशील. ‘आवळतं’ म्हण.”

त्यानंतर चिठ्ठी बाजूला ठेवली. मी वळण हाताने काढून दाखवायचो आणि ते शब्द द्यायचे. अगदी मागे फिरणारं वळण, ज्याला इंग्रजीत हेअरपिन म्हणतात, ते ‘विळा’. ‘पाच’ गेला, त्याजागी ‘सैल’ आला. सहा म्हणजे ‘सुटू दे’. पुढचं न दिसणारा चढ ‘आंधळं’. वळण आतून कापू नको, यासाठी ‘आत दगड’. वेग कमी करण्यासाठी ‘दमानं’. हे शब्द त्यांनी रचले नाहीत. घाटात किन्नर त्यांना आणि ते किन्नराला हेच ओरडत आले होते.

दुसरी अडचण मामांचीच. ते गायकीच्या अंगाने बोलायचे, “डाऽऽवा… तीऽऽन”. मी म्हणायचो, “मामा, जरा भरभर.” ते म्हणायचे, “घाई केली की चुकतंय.” शेवटी मी त्यांना दिवाणावर बसवलं, लॅपटॉपच्या पडद्यावर रस्ता दाखवला आणि म्हटलं, “गाडी मी चालवतोय, शेजारी तुम्ही आहात, सांगा.” मग आवाज आपोआप तुटक आणि धारदार झाला. एका ‘विळा’च्या वेळी त्यांनी घाबरून माझं मनगट धरलं, ती फाइल मी तशीच ठेवली आहे.

आता मी मामांच्या आवाजावर चालवतो. रीडपेक्षा वेळ बरी येते असं काही नाही. कारोवावर तर उलट चार सेकंद जास्त लागतात, शहरातल्या रस्त्यावर त्यांचा आवाज उगाच चिंतेत असतो. हारवुड फॉरेस्ट मात्र मी गेल्या रविवारी मामांच्या वेळेच्या निम्म्याहून कमी वेळात केला आणि फोन करून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “गाडी कशी हाय?” मागचा बंपर गेला होता, ते मी सांगितलं.

एकूण एकशे बारा फायली झाल्यात. ‘उजवा दोन’ तेवढा पुन्हा घ्यायचा राहिलाय, त्याच्या मागे मामींच्या कुकरची शिट्टी आहे.