वळिवाच्या वाटेवर

कोल्हापुराहून हुपरीच्या रस्त्याने निघालो, तो गडमुडशिंगी गाठेपर्यंत वळिवाने आभाळ झाकोळून आले. एका झापाखाली आसरा घेतला. समोर उसाच्या फडालगत घडीव दगडांची जुनी विहीर होती आणि तिच्या पायऱ्यांच्या सांध्यांतून उंबराचे रोप डोकावत होते. घटकाभर धो धो कोसळून पाऊस थांबला. गढूळ लोंढे चाकोऱ्यांतून ओढ्याला आणि ओढ्यातून पंचगंगेकडे धावले. विहिरीची पातळी मात्र बोटभरही चढली नाही. एवढे पाणी आले आणि भूमीची ओळखही न करून घेता निघून गेले!

हा मुलूख करवीर संस्थानचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळाने रयतेची झालेली दैना शाहू छत्रपतींनी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणूनच 1902 साली दरबारातून पाटबंधाऱ्याचे धोरण जाहीर झाले, गावोगावच्या विहिरी-तलावांची पाहणी झाली आणि पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण उभे राहू लागले. 1922 साली महाराज निवर्तले तेव्हा ते अपुरेच होते. स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वास गेले. पावसाळा सरताच बरगे घालून नदी अडवायची आणि पुराआधी ते काढून तिला वाट मोकळी करून द्यायची, या रीतीच्या बंधाऱ्याला तर कोल्हापूरचेच नाव मिळाले.

मिरज ओलांडून मी जतेकडे वळलो. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो; तेथून शंभर कोसांच्या आत, डफळ्यांच्या या जुन्या संस्थानात, तो पाचशेच्या आसपास येऊन ठेपतो. येथील माळावरचा पाझर तलाव पाहिला. त्याला ना कालवा, ना दरवाजा. केवळ आडवा बांध. अखंड काळ्या पाषाणात पाणी शिरत नाही, ते वरच्या मुरमातून आणि भेगांतून हळूहळू उतरते. आडदांड सरीला जी उसंत नसते, ती हा बांध तिला देतो. मात्र तळाशी गाळ बसला की पाझर बुजतो, म्हणून उन्हाळ्यात तो उपसून रानात पसरावा लागतो.

बांधाखालच्या विहिरीवर एक वृद्ध शेतकरी मोटेच्या जुन्या थारोळ्यावर बसले होते. दगडावरच्या ओलसर रेषेवर बोट ठेवून ते म्हणाले, "तळ्यात पाणी थांबलं, की हितं वल येती बघा. थांबलंच न्हाई, तर आमच्यापत्तुर कसं यील?"

परतीच्या वाटेवर पुन्हा गडमुडशिंगीच्या त्याच विहिरीपाशी थांबलो. वळिवाने खरवडलेल्या ओहळाच्या खुणा उतारावर अजून ताज्या होत्या. जतेचा शेतकरी थेंबासाठी बांध घालतो. ज्यांच्या दारी पाऊस उदंड येतो, त्यांनी निदान या उतारावर दोन ताली घालाव्यात. पुढचा वळीव आला, की त्याला बसायला जागा असावी.