पत्री
बैलाच्या खुराला पत्री मारतात हे लहानपणापासून ठाऊक होतं. तिचा आवाज मात्र मी नीट ऐकला तो संकेश्वर सोडल्यावर, चैत्रातल्या एका सकाळी. डांबरावर खण्‌खण्‌, जरा बेताल. बेळगावहून जोतिबाच्या यात्रेला निघालेल्या गाड्या पुढं, सासनकाठीवाले मधे आणि सगळ्यांच्या मागं गुबगुबीत बूट घातलेला मी. शेजारून चाललेले एक आजोबा अनवाणी होते. बैलाला लोखंड, माणसाला काहीच नाही, हे काही माझ्या पचनी पडेना.

“आजोबा, पाय भाजत न्हाईत?”

“भाजत्यात की. पायच हायत.”

पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही.

संकेश्वर ते निपाणी पंचवीसेक किलोमीटर. मोटारीत बसलं तर एक डुलकी होते. दहापर्यंत ऊन पाहुण्यासारखं वागलं, अकरानंतर घरच्यासारखं. वरून येणाऱ्या उन्हाला टोपी तरी असते. खालून, डांबरातून जे येतं त्याची तक्रार कुणाकडं करायची? लांबवर रस्ता ओला दिसायचा, तिथं पोचलं की कोरडा. पाठीवर शर्ट आधी भिजला, मग वाळला आणि मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या राहिल्या. बूट घेतल्याचा पश्चात्ताप दुसऱ्या फोडाबरोबर सुरू झाला. जुनी कोल्हापुरी घरी पडून होती. तिला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगावही आलं. 1956 पासून सीमाप्रश्नात माणसांना जे जमलं नाही ते चपलेनं उरकलं.

सावली म्हणाल तर दुभाजकावरच्या कण्हेरीची. कण्हेरीला झाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जुन्या पुणे-बंगळूर रस्त्याच्या दुतर्फा वड होते. रस्ता रुंद झाला आणि ते गेले. आता सावली मिळते ती उड्डाणपुलाखाली. तिथं सगळे टेकलो, एका बाईनं घागरीतलं ताक दिलं, आणि उठताना गुडघे नको म्हणाले.

तवंदीचा घाट उतरताना खाली निपाणी दिसली आणि मामा आठवले. मामांची तंबाखू होती. इथली बिडीची तंबाखू तोडून रानातच उन्हात वाळवतात. ऊन कमी पडलं की कस जातो. त्यामुळं उन्हाला शिव्या द्यायची सोय त्यांच्या घरात नव्हती. 1981 च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी याच महामार्गावर येऊन बसले, गाड्या-बैलांसकट. त्या मुक्कामाला नावही पडलं, आंदोलननगर. मामा तिथं होते. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. त्या दिवसाबद्दल मामा कधीच बोलले नाहीत. आम्ही पोरं खोदून खोदून विचारायचो. ते उठून गोठ्यात जायचे.

उन्हाबद्दल मात्र भरभरून बोलायचे. सावली कशी गाडीएवढीच होती, सकाळी ती एका अंगाला पडायची, माथ्यावर ऊन आलं की दोन चाकांच्या मधे गोळा व्हायची, कलतं झालं की दुसऱ्या अंगाला निघायची. “आमी तिच्या मागनं सरकत ऱ्हायचो,” ते म्हणायचे. “जेवाण एका चाकाजवळ, झोप दुसऱ्या चाकाजवळ. घड्याळ कशाला लागतंय?” भाकरी, खर्डा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. गाडीखाली आडवं झालं की जुवाचा करकर आवाज यायचा आणि बैलाचा श्वास कपाळावर. एवढ्या लोकांत एकमेकांची सावली तुडवायची नाही असा आपोआप नियम झाला होता म्हणे. हे खरं की मामांनी नंतर रचलेलं, मला ठाऊक नाही. मला ते खरंच असावंसं वाटतं. शेवटी शेवटी त्यांना नातवंडांची नावं आठवेनाशी झाली, तरी दुपारी खाट हलवायला सांगायचे. एक हात इकडं. थोडी अजून. बास.

घाटाच्या पायथ्याला मधली गाडी थांबली. खण्‌खण्‌ मधला एक ठोका मघापासून चुकत होता. आजोबांनी तो माझ्या आधी ओळखला होता. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन अर्ध्या पत्र्या. त्यातली एक निसटली होती. नालबंद निपाणीशिवाय मिळायचा नाही. आजोबा खाली बसले, खूर मांडीवर घेतला, ओल्या गोणपाटाचा तुकडा गुंडाळला आणि सुंभानं बांधला. त्यांच्या स्वतःच्या टाचेला इंचभर चीर होती. उरलेलं गोणपाट त्यांनी परत गाडीत टाकलं.

“पाव्हणं, मागं बघा जरा, पडली आसंल.”

दीडशे पावलं मागं गेलो. पत्री दुभाजकाला चिकटून पडली होती, दोन खिळ्यांसकट, झिजून कागदासारखी पातळ. उचलली आणि सोडलीच, चटका बसला. मग रुमालात धरून आणली. आजोबांनी उलटसुलट करून पाहिली. “ऱ्हावू द्या तुमच्याकडंच,” म्हणाले, “आता ही कामाची न्हाई.”

निपाणी येईपर्यंत ती खिशातून मांडीला लागत होती, गरम.